दांड्याचें दप्तर कोठें आहे?

खार स्थानकांतून पश्चिमेस बाहेर पडून समुद्राची दिशा धरली, म्हणजे प्रथम आंखीव रस्ते, दुकानें व जुन्या बंगल्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या उंच इमारती लागतात. मैल-सव्वा मैल चालून गेल्यावर रस्ता अरुंद होतो, घरें एकमेकांस चिकटून उभीं राहतात, वाऱ्याबरोबर सुकत्या मासळीचा वास येतो, आणि खारदांड्याचा कोळीवाडा सुरू होतो. नवख्या माणसास वाटतें कीं, शहराच्या कडेला उरलेल्या जागेंत ही वस्ती मागाहून येऊन बसली असावी. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. गांव आधींचें, शहर मागाहून चालून आलें आहे. परंतु ‘आधींचें’ एवढें म्हणून भागत नाहीं. किती आधींचें, कोणत्या घराण्यांचें, होड्या ओढण्याची व मासळी वाळविण्याची जागा कोठवर होती, असें कोणीं विचारलें तर उत्तरादाखल कागद काढावा लागतो. तो कागद कोठें आहे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

पहिला पुरावा गांवाच्या नांवांतच आहे. कोंकणपट्टींत भरतीचें पाणी जीवर पसरतें, किंवा बांध घालून जी समुद्रापासून राखून घेतली जाते, त्या जमिनीस ‘खार’ म्हणतात. ‘दांडा’ म्हणजे पाण्यांत पुढें गेलेला जमिनीचा लांबट, चिंचोळा पट्टा. पालघरच्या बाजूस केळवें-दांडा आहे, जंजिऱ्याजवळ दंडा-राजपुरी आहे. त्याच कुळींतलें हें नांव. नांव भूगोल सांगतें. पण त्या पट्ट्यावर कोण राहत होतें, काय कमावीत होतें, कोणाशीं भांडत होतें, हें नांव सांगत नाहीं. त्यासाठीं दप्तराकडे वळावें लागतें. आणि वळल्याबरोबर असें दिसून येतें कीं, दांड्याला एक दप्तर नाहीं, सहा आहेत, आणि तीं सहा ठिकाणीं विखुरलेलीं आहेत.

याचें कारण उघड आहे. गांव जागचें हललें नाहीं; राज्यें हललीं. दांडा हें साष्टी बेटावरील गांव. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसईच्या तहानें साष्टी पोर्तुगीजांच्या हवालीं केली. तेथून पुढच्या दोनशें वर्षांचे कागद पाहावयाचे तर गोव्याच्या पुराभिलेखागारांत व लिस्बन शहरीं पाहावे लागतात. गोव्याचें दप्तर १५९५ सालीं स्थापन झालेलें आहे. १५५४ सालीं सिमांव बोतेल्यु नांवाच्या अधिकाऱ्यानें पोर्तुगीज मुलखाच्या महसुलाचें जें पुस्तक सिद्ध केलें, त्यांत वसई प्रांताचीही आकारणी आहे. मात्र शोध करणारानें एक सावधगिरी बाळगावी. गोव्यांतही साष्टी नांवाचा तालुका आहे; जुन्या कागदांत ‘साष्टी’ एवढेंच आढळलें, तर ती कोणती साष्टी हें प्रथम ठरवावें, नाहीं तर मडगांवाकडची हकीकत दांड्याच्या माथीं मारली जावयाची.

१७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजीअप्पांच्या मोहिमेनें हा मुलूख पेशव्यांकडे आला, आणि त्याबरोबर दुसरें दप्तर सुरू झालें. तें पुण्यास पेशवे दप्तरांत आहे. मोडी लिपींत लिहिलेलें, फडक्याच्या रुमालांत बांधलेलें. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. हें तिसरें दप्तर मुंबईस १८२१ सालीं स्थापन झालेल्या सरकारी दप्तरखान्यांत, म्हणजे हल्लींच्या राज्य पुराभिलेखागारांत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत आहे. पुढें साष्टी ठाणें जिल्ह्यांत मोडूं लागली. म्हणून १९२० पूर्वींचा दांडा मुंबईच्या नांवाखालीं शोधूं नये, ठाण्याच्या नांवाखालीं शोधावा. हें चौथें. १९२० सालीं मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा झाला. त्याचा कारभार वांद्र्यास. हें पांचवें. १९५० सालीं महानगरपालिकेची हद्द अंधेरीच्या पलीकडे गेली आणि खार व दांडा मुंबई शहराच्या पोटांत आले. तेथून पालिकेचें सहावें दप्तर. पुढें बृहन्मुंबई हा एकच जिल्हा झाला व १९९० सालीं त्याचे पुन्हां दोन झाले. एका लहानशा गांवाचा इतिहास असा सहा कुलुपांत आहे. कोणतें कुलूप कोणत्या सालाचें, एवढें कळलें तरी शोधाचें निम्में काम होतें.

आतां या सरकारी कागदांत मिळतें काय तें पाहूं. सरकारचा डोळा सारा वसूल करणाराचा असतो. जमीन किती, कोणाच्या नांवें, आकार किती, हें तो काळजीपूर्वक लिहितो. सात-बारा, फेरफार, नगर भूमापनाची मालमत्ता पत्रकें ही त्याचीच परंपरा होय. शेतकऱ्याचें गांव अशा कागदांत बरेंचसें उतरतें. कोळ्याचें गांव उतरत नाहीं. कारण त्याचें शेत समुद्रांत आहे, आणि किनाऱ्यावरील होड्या लावण्याची, जाळीं विणण्याची व मासळी वाळविण्याची जागा साऱ्या वाड्याच्या वहिवाटीची असते. जी जागा सर्वांची, तिच्यापुढें कागदावर पुष्कळदां कोणाचेंच नांव नसतें.

खारचा आराखडा हें याचें चांगलें उदाहरण आहे. १९१५ च्या नगररचना कायद्यानें उपनगरांत आंखणी करून वसाहती वसविण्यास आरंभ झाला, आणि १९२४ सालीं खार स्थानक उघडलें. अशा योजनेच्या कागदांत मूळ भूखंड, अंतिम भूखंड, मालकांचीं नांवें व मोबदला यांची नोंद असते. भाताचें खाचर बंगल्याच्या आवाराखालीं कसें गेलें, हें तींतून अंकाअंकानें वाचतां येतें. मात्र खाचर गेल्यावर त्या घरानें पोटासाठीं काय केलें, तें तेथें नसतें.

सरकारी कागदांनंतर वर्तमानपत्रांचा क्रम लागतो. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें. ठाण्यास १८६६ मध्यें ‘अरुणोदय’ सुरू झालें. अशा पत्रांच्या जुन्या संचांसाठीं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय व एशियाटिक सोसायटी या संस्थांची वाट धरावी. वर्तमानपत्राचा मोठा गुण असा कीं, त्याच्यावर तारीख असते. वादळ कोणत्या दिवशीं आलें, सांथ केव्हां पसरली, बाजाराचा भाव काय होता, हें तें बिनचूक सांगतें. त्याचा दोषही तितकाच मोठा आहे. शहरचें वर्तमानपत्र कोळीवाड्याकडे वळतें तें होडी बुडाली, आग लागली किंवा सण आला म्हणजे. केवळ वृत्तपत्रांवरून कोणी दांड्याचा इतिहास लिहूं लागला, तर त्यांत अपघात व होळी यांखेरीज दुसरें कांहीं उरणार नाहीं. वर्षाचे उरलेले दिवस लोक काय करीत होते, हें वृत्तपत्रास ठाऊक नसतें.

ते उरलेले दिवस दोन ठिकाणीं सांपडतात: समाजाच्या वह्यांत आणि घरच्या पेट्यांत. मच्छीमारांच्या सहकारी संस्थेस कायद्यानें सभासदांची यादी व सभांचें इतिवृत्त ठेवावें लागतें. तें इतिवृत्त वरवर पाहतां कंटाळवाणें असतें. बर्फाचा दर, तेलाचा पुरवठा, जाळ्याच्या सुताची खरेदी, कर्जाची थकबाकी, याहून त्यांत फारसें नसतें. परंतु अशा पंचवीस-तीस वर्षांच्या वह्या ओळीनें वाचल्या, तर सुताचीं व सणाचीं जाळीं जाऊन नायलॉनचीं केव्हां आलीं, शिडाच्या होडीस यंत्र केव्हां बसलें, आणि त्यापायीं कोण कर्जांत गेलें, हें स्पष्ट दिसूं लागतें. देवळाच्या जमाखर्चाची वही, शाळेचें दाखलपुस्तक, उत्सवाच्या वर्गणीची यादी, जातपंचायतीचे निवाडे हे याच वर्गांतले कागद. शेजारच्या वांद्र्यासारख्या गांवांत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या असतात. १५६३ सालच्या ट्रेंट येथील धर्मसभेच्या निर्णयापासून प्रत्येक चर्चनें त्या ठेवण्याचा प्रघात पडला.

घरच्या पेटींतील कागदांची योग्यता महाराष्ट्रास नव्यानें सांगावयाची गरज नसावी. मराठ्यांचा इतिहास घराघरांतील पत्रांवरूनच उभा राहिला. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें छापलीं. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें मिळवीत. पानिपतपर्यंतच्या अकरा वर्षांचीं पत्रें असलेला त्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. त्याच राजवाड्यांनीं उत्तर कोंकणांतील घराणीं व वतनें यांची हकीकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली, ती १९२४ सालीं. म्हणजे ज्या वर्षीं खारला आगगाडी थांबूं लागली त्याच वर्षीं. बखरींतील सालें पारखून घ्यावीं लागतात, हें खरें. पण ती नाहींशी झाली असती, तर या किनाऱ्याच्या जुन्या लोकांची आपल्याविषयींची समजूत काय होती, हेंच कळलें नसतें.

येथें कोणी म्हणेल कीं, पटवर्धन सरदार होते, पेशवे राज्यकर्ते होते. कोळ्याच्या घरीं कसलें दप्तर? ही समजूत चुकीची आहे. दप्तर म्हणजे केवळ खलिते नव्हेत. लाकूड व सूत खरेदी केल्याची पावती, होडीच्या नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीची पावती, परगांवीं नोकरीस गेलेल्या भावाचें पोस्टकार्ड, आणि मासळीच्या व्यवहाराची, कोणास किती उधार दिलें याची लहान वही, हें सर्व दप्तरच होय. उदाहरणार्थ, एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेवर मांडवाची जागा म्हणून एका मोकळ्या पटांगणाचें नांव असावें. त्याच पटांगणाची साफसफाई करण्याचा ठराव संस्थेच्या इतिवृत्तांत असावा. आणि त्या वर्षाच्या नकाशांत ती जागा कोरी असावी. तिन्ही कागद निरनिराळ्या हातांचे, एकमेकांशीं संगनमत नसलेले. ते एकत्र येतात तेव्हां नकाशांतली कोरी जागा बोलूं लागते. इतिहासाची पद्धति याहून निराळी नाहीं. एक साक्षीदार चुकेल, पक्षपात करील. तीन साक्षीदार एकाच गोष्टीवर मिळाले म्हणजे विश्वास ठेवण्यास हरकत नसते.

ही केवळ विद्वानांची हौस नव्हे. ६ जानेवारी २०११ रोजीं केंद्र सरकारनें किनारा नियमनाची जी अधिसूचना काढली, तींत बृहन्मुंबईंतील कोळीवाड्यांविषयीं स्वतंत्र तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यांत, किंवा महाराष्ट्र शासनाच्या संबंधित दप्तरांत, ज्या वस्त्या मच्छीमारांच्या म्हणून दाखल आहेत, त्यांचे नकाशे करून त्यांस वेगळा दर्जा द्यावा, असा तिचा आशय होता. २०१९ सालीं तिच्या जागीं नवी अधिसूचना आली. तथापि मूळ तत्त्व वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. कोळीवाडा कोणता, हें समुद्र ठरवीत नाहीं, होड्या ठरवीत नाहींत, दप्तर ठरवितें. दप्तरांत जी वस्ती नाहीं, तिला उद्यां कोणी झोपडपट्टी म्हणालें, तर तिनें काय दाखवावें? कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे मुंबईंत जे वाद झाले, त्यांच्या मुळाशीं हीच अडचण आहे. सरकारी दप्तर जेथें मुकें आहे, तेथें घरच्या पेटींतील घरपट्टीची पावती व वाड्याच्या वहींतील ठराव यांनाच बोलावें लागतें. प्रत्येक वेळीं त्यांचें म्हणणें मान्य होईलच असें नाहीं. परंतु जो कागद रद्दींत गेला, त्याचें म्हणणें ऐकलेंही जाणार नाहीं.

आणि कागद रद्दींत जाण्यास दांड्यासारखी सोयीची जागा नाहीं. समुद्राकांठच्या खाऱ्या, दमट हवेंत टांचण्या लौकर गंजतात व कागदास भोंक पाडतात. वाळवी आणि कसर आहेतच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां उपनगरांतील कित्येक तळमजल्यांत पाणी शिरलें. भांडीं वाळतात, कपडे वाळतात. शाईनें लिहिलेली वही वाळली तरी वाचतां येईलच असें नाहीं. शिवाय जुनें घर पाडून नवें बांधतांना माळ्यावरची पेटी प्रथम खालीं येते आणि बहुधा प्रथम रद्दीवाल्याकडे जाते.

म्हणून जपणुकीचे चार सोपे नियम येथें सांगणें अवश्य आहे. जुन्नरी हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा असे. तो दोनशें वर्षें टिकला आहे. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा. त्यांतील आम्लामुळें तो पिवळा पडून ठिसूळ होतो व शेजारच्या कागदासही डागाळतो. यास्तव कात्रणें पत्रांच्या गठ्ठ्यांत ठेवूं नयेत. टांचण्या, तारा व रबरी पट्ट्या काढून टाकाव्या. चिकटपट्टी कधींही लावूं नये, व कागदावर प्लॅस्टिकचें कायमचें वेष्टण चढवूं नये. कागद धुतलेल्या सुती फडक्यांत बांधून जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावे. जुन्या दप्तरदारांची रुमालाची पद्धत आजही चांगली आहे. भिजलेला कागद उन्हांत न टाकतां, मध्यें शोषक कागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश वाळवावा.

दुसरें काम नकलेचें. आतां मोबाइलच्या कॅमेऱ्यानें प्रत्येक पानाचें छायाचित्र घेणें कोणासही साध्य आहे. पाठ व पोट दोन्ही घ्यावें, कारण पत्त्याच्या बाजूवर टपालाचा शिक्का असतो आणि शिक्क्यावर तारीख असते. व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या प्रतींत बारीक अक्षर पुसट होतें. म्हणून मूळ छायाचित्र निराळें जतन करून त्याची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. प्रत्येक कागदास क्रमांक द्यावा, आणि वहींत लिहावें: हा कोणाच्या घरचा, कोणीं कोणास लिहिला, केव्हां. जुन्या तारखा उलगडतांना शकांत ७८ किंवा ७९, व दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन मिळतो. कागद मोडींत असेल तर घाबरून जाऊं नये. राज्याचें पुराभिलेख खातें मोडीचे वर्ग चालवितें, आणि शिकलेला मनुष्य चार-सहा महिन्यांत सोपा कागद वाचूं लागतो.

तिसरें काम बोलण्याचें. कोळीवाड्याचा पुष्कळसा इतिहास कागदावर कधीं आलाच नाहीं. तो तोंडीं आहे, आणि त्यांतला मोठा भाग स्त्रियांच्या तोंडीं आहे, कारण मासळी विकणें व हिशेब ठेवणें हें काम त्यांचें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्यावरून बोललेला शब्दही कोणीं उतरून छापला नाहीं, तर हवेंत विरून जातो. मग चुलीपाशीं बोललेल्या शब्दाची काय कथा? म्हाताऱ्या आजीचें बोलणें ध्वनिमुद्रित करावें, आणि त्या दिवसाची तारीख व तिचें नांव त्याबरोबर लिहून ठेवावें. दहिसर येथें १९८८ पासून ‘स्पॅरो’ ही संस्था स्त्रियांच्या आवाजांचा व चित्रांचा असाच संग्रह करीत आहे. मात्र आठवण हाही एक साक्षीदार आहे. तो सन चुकवितो, क्रम बदलतो. त्याचें बोलणें कागदाशीं ताडून पाहावें.

चौथें काम मर्यादेचें. पत्रांत घरचीं भांडणें, आजार, कर्जें असतात. ज्यांचें पत्र त्यांच्या संमतीवांचून तें चारचौघांत आणूं नये. नाजूक कागद अमुक वर्षें उघडूं नयेत असें लिहून बंद ठेवावे. मूळ कागद घरच्यांचाच राहावा आणि संग्रहास नक्कल मिळावी, एवढें आश्वासन दिलें तरी पुष्कळ पेट्या उघडतात.

इतकें सर्व करण्यास मोठी संस्था व मोठें भांडवल हवें, असें वाटून कित्येक जण हात आंखडतात. इंग्लंडांत परगण्याचा पहिला दप्तरखाना बेडफर्डशर येथें १९१३ सालीं निघाला, तो डॉ. फौलर यांच्या खटपटीनें. आणि हे गृहस्थ व्यवसायानें इतिहासकार नसून समुद्रांतील प्राण्यांचे अभ्यासक होते. त्यांचें पाहून इतर परगण्यांनीं आपापले दप्तरखाने काढले. खारदांड्यास शाळा आहेत, शिकलेले तरुण आहेत, आणि आंखीव रस्त्यांच्या बाजूस राहणारीं सुशिक्षित कुटुंबें अगदीं शेजारीं आहेत. या कुटुंबांच्या घरींही खार वसतांनाचे कागद असतात: भूखंडाचें खरेदीखत, पहिल्या भाड्याच्या पावत्या, नव्या घराच्या वास्तुशांतीचें छायाचित्र. दोन्ही बाजूंचे कागद एका यादींत आले, तरच गांव आणि उपनगर यांचा मिळून एक इतिहास होईल.

आरंभ लहान असावा. येत्या रविवारीं घरांतील एकच पेटी उघडावी, तींतील छायाचित्रें वडील माणसांसमोर मांडावीं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें नांव, जागा व साल लिहावें. जीं नांवें सांगणारें माणूस आज घरांत बसलेलें आहे, तीं आजच लिहून घेतां येतात.